ट्रॅक डेला जाऊन रोजचं ड्रायव्हिंग खरंच सुधारतं का?

प्रश्न असा आहे: "अकरा वर्षं गाडी चालवतोय. अपघात झालेला नाही, पण आपण चांगले चालक आहोत असं छातीठोकपणे म्हणवत नाही. पुढच्या महिन्यात मित्राबरोबर पहिल्यांदाच हौशी लोकांच्या ट्रॅक डेला जाणार आहे, स्वतःच्या साध्या फ्रंट-व्हील-ड्राइव्ह हॅचबॅकने. लॅप टाइममध्ये, म्हणजे एक फेरी किती वेळात मारली यात, मला रस नाही. रोजच्या रस्त्यावर उपयोगी पडेल असं तिथे नेमकं काय शिकता येतं? आणि तिथून आल्यावर उगाच धिटाई वाढते का?"

ट्रॅक डे म्हणजे शर्यतीच्या बंद ट्रॅकवर हौशी लोकांनी आपापल्या गाड्या चालवायचा दिवस. तिथे ड्रायव्हिंग सुधारतं, आणि धिटाईही वाढते. धिटाईचं पुढे बोलू, ते टाळून चालणार नाही. आधी शिकायचं काय ते सांगतो.

गेली चौदा वर्षं मी ट्रॅक डेला नवख्यांच्या शेजारच्या सीटवर बसतोय. वीस-पंचवीस वर्षं गाडी चालवलेली माणसं येतात, लायसन्स मिळून सहा महिने झालेलीही येतात. या सगळ्यांमध्ये एक गोष्ट सारखी दिसते: बहुतेकांनी आयुष्यात एकदाही पूर्ण ब्रेक दाबलेला नसतो. त्यांना वाटतं, दाबलाय. पण नसतो.

म्हणून माझ्याकडे सकाळचा पहिला धडा वळणांचा नसतो. लांब सरळ पट्टा, दोन्ही बाजूंना शंकू. ताशी ८० किलोमीटरवर यायचं आणि शंकूंच्या दारात शिरताच पूर्ण ताकदीने ब्रेक दाबायचा, एवढंच काम. मागच्या हंगामात एक बाई आल्या होत्या, वीस वर्षांचा अनुभव, रोजचा लांबचा प्रवास. पहिल्या खेपेला गाडी छान, सभ्यपणे थांबली आणि मी मनात धरलेल्या जागेच्या कितीतरी पुढे जाऊन थांबली. "पूर्ण दाबलात?" "हो, पूर्ण." मग उभ्या गाडीत, इंजिन चालू ठेवून त्यांना ब्रेक दाबायला सांगितला, इतका की पाठ सीटमध्ये रुतली पाहिजे. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की पेडल अजून बरंच खाली जायचं होतं. दुसऱ्या खेपेला त्यांनी खरोखर दाबला आणि पायाखाली पेडल थरथरायला लागलं, खालून कड्‌कड्‌ आवाज आला. त्या दचकल्या आणि त्यांनी पाय उचलला. "काहीतरी तुटलं." काही तुटलं नव्हतं, तो एबीएस होता, जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा. त्यांच्या गाडीत तो आठ वर्षं होता आणि त्यांची भेट आत्ता होत होती. तिसऱ्या खेपेला पाय खाली तसाच राहिला, पट्टा छातीत रुतला, गाडी जमिनीत मेख ठोकावी तशी थांबली. त्या थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "एवढी थांबते ही?"

एवढी थांबते. कोरड्या, चांगल्या डांबरावर, चांगल्या टायरवर ८० च्या वेगातून साधारण ३१-३२ मीटरमध्ये. निम्म्या जोराने दाबला तर त्याच्या दुप्पट, ६३ मीटर. या दोन अंतरांच्या मधल्या जागेत सात-आठ गाड्या एकामागे एक उभ्या राहतील. हा फरक ना गाडीचा आहे ना नशिबाचा. तो पायाचा आहे, आणि एका सकाळीत तो भरून काढता येतो. ही तक्रार काही माझ्या एकट्याची नाही. मर्सिडीजने १९९६ मध्ये ब्रेक असिस्ट आणलं ते याच कारणाने. सिम्युलेटरमध्ये सामान्य चालकांना संकटात टाकून पाहिलं, तेव्हा ते पेडलवर पाय झटकन ठेवत होते, पण पुरेशा जोराने दाबत नव्हते. मग गाडीनेच ते ओळखून उरलेला जोर लावायचा, अशी ती रचना. तुमच्या गाडीत ती असेल तर उत्तम. तरी पायाला ही ओळख हवीच, कारण संकटात माणूस नवं काही शोधून काढत नाही. अंगाने आधी केलेलं असतं तेच तो करतो.

याच्या पुढचा धडा तितकाच मोलाचा आहे. पूर्ण ब्रेक दाबलेला ठेवायचा आणि त्याच वेळी समोरच्या शंकूला वळसा घालायचा. एबीएस त्यासाठीच आहे. बॉशने ते १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये पहिल्यांदा बसवलं तेव्हापासून त्याचा मुख्य फायदा हा की चाकं जाम होत नाहीत, आणि फिरत्या चाकांना दिशा देता येते. पण बहुतेकांचा मेंदू दोनांपैकी एकच करतो: पाय दाबून सरळ जाऊन धडकतो, किंवा स्टिअरिंग फिरवताना पाय सोडून देतो. पाय तसाच ठेवून हात फिरवणं चार-पाच प्रयत्नांत जमतं. गिअरची गाडी असेल तर क्लचही पूर्ण दाबायचा, इंजिन बंद पडेल का याचा विचार त्या क्षणी करायचा नाही. हे एवढं जमलं आणि बाकी दिवस पावसाने वाया गेला, तरी तुमचे पैसे वसूल झाले असं मी मानतो.

ब्रेकिंगच्या धड्यातच मी एक हिशेब सांगतो, आणि तो ऐकून बऱ्याच जणांचा चेहरा बदलतो. दोन सारख्या गाड्या शेजारी-शेजारी चालल्या आहेत, एक १०० ने, दुसरी १२० ने. समोर अडथळा येतो, दोघेही एकाच क्षणी, एकाच जागेवर, सारखाच पूर्ण ब्रेक दाबतात. १०० वाली अडथळ्याला टेकायच्या आत थांबते. १२० वाली त्याच जागी अजून किती वेगात असेल? लोक म्हणतात वीस, फार तर तीस. खरं उत्तर ६६. थांबवायची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे वरच्या वीस किलोमीटरमध्ये एक आख्खा भीषण अपघात दडलेला असतो. कागदावर हे शाळेत शिकलेलं असतं. ट्रॅकवर आधी १०० वरून आणि मग १२० वरून थांबून, खाली उतरून, दोन्ही शंकूंमधलं अंतर पावलांनी मोजलं की मग ते कळतं.

आता नजर. माझ्या मते ट्रॅकची दुसरी मोठी देणगी ही, आणि शिकायला ब्रेकपेक्षा अवघड. गाडी जिथे बघाल तिथे जाते. यात गूढ काही नाही. हात नकळत डोळ्यांच्या मागे जातात. नवखा चालक बॉनेटच्या पुढच्या दहा-पंधरा मीटरवर बघत असतो. ताशी १०० किलोमीटरला गाडी एका सेकंदात जवळपास २८ मीटर जाते, म्हणजे तो जे बघतोय ते अर्ध्या सेकंदात चाकांखालून गेलेलं असतं. त्याच्यापुढे प्रत्येक गोष्ट अचानक उगवते, म्हणून हात धावपळ करतात, गाडी नागमोडी चालते, आणि त्याला वाटतं वेग फार झालाय. त्याच वेगात त्याला वळणाच्या शेवटाकडे बघायला लावलं की गाडी शांत होते. वेग तोच, पण "आता हळू वाटतंय" असं तो आपणहून म्हणतो.

शिकवायची माझी पद्धत साधी आहे. ब्रेक लावताना वळणाच्या आतल्या कडेचा बिंदू, म्हणजे एपेक्स, डोळ्यांनी शोधायचा. गाडी एपेक्सला पोचायच्या आधीच डोळे तिथून उचलून बाहेर पडण्याच्या जागेवर न्यायचे. गाडी एपेक्सवर असताना तुम्ही एपेक्सकडे बघत असाल तर उशीर झालाय. यासाठी मान वळवावी लागते, कधी कधी बाजूच्या काचेतून बघावं लागतं. लोकांना याचा संकोच वाटतो, सवय नसते. मी शेजारून एकच शब्द बोलत राहतो: "डोळे." तिसऱ्या-चौथ्या सेशनला तो शब्द बोलायची गरज उरत नाही.

या सवयीची खरी परीक्षा गाडी सुटायला लागते तेव्हा होते. घसरणाऱ्या गाडीतला माणूस ज्याची भीती वाटते त्याच्याकडेच बघतो, भिंतीकडे किंवा खांबाकडे. आणि मोकळ्या मैदानात एकच खांब असला तरी गाडी नेमकी त्याच्यावर जाते. भीती वाटतेय त्या वस्तूवरून डोळे ओढून काढून मोकळ्या जागेवर लावणं हे स्वभावाच्या विरुद्ध आहे. ते सांगून येत नाही, घोटून घोटून येतं. रस्त्यावर समोरून कुणी तुमच्या लेनमध्ये घुसला तर तुम्हाला वाचवणारी गोष्ट बहुधा हीच असेल.

ट्रॅकच्या कडेला ठिकठिकाणी झेंडे घेऊन मार्शल उभे असतात, त्या प्रत्येक मार्शल पोस्टकडे दर फेरीला बघावं लागतं. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, वेग कमी, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे सेशन थांबलं, सावकाश परत या. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय. सुरुवातीला लोकांना झेंडे दिसतच नाहीत, सगळं लक्ष डांबराच्या एका पट्टीवर गोळा झालेलं असतं. दुपारपर्यंत नजर रुंदावते. हीच रुंद नजर रस्त्यावर आरशांसाठी, फुटपाथवरच्या पोरासाठी, उघडू पाहणाऱ्या दारासाठी लागते. ही सवय घरी पक्की करायची असेल तर रोजच्या प्रवासात पाच मिनिटं मोठ्याने बोलत गाडी चालवा: काय दिसतंय, त्यातून काय होऊ शकतं, मी काय करणार आहे. ब्रिटिश पोलीस चालकांना अशी धावती कॉमेंटरी करायला शिकवतात. बोलताना अडखळलात की समजायचं, तिथे नजर पोचली नव्हती.

तिसरी गोष्ट टायरची. तुमच्या हॅचबॅकचं वजन समजा १२०० किलो. प्रत्येक चाकावर सुमारे ३०० किलो, आणि ३२ पीएसआय हवेच्या हिशेबाने एका टायरचा जमिनीला टेकलेला भाग भरतो साधारण पोस्टकार्डाएवढा. चारही मिळून ए-फोर कागदापेक्षा थोडा कमी. गाडी थांबवणं, वळवणं, पळवणं हे सगळं त्या कागदाएवढ्या रबराच्या जोरावर चालतं. शिवाय चारही पोस्टकार्डांवरचा भार सारखा राहत नाही. पूर्ण ब्रेक दाबलात की सुमारे दोनशे किलोचा भार मागच्या चाकांवरून पुढच्यांवर सरकतो. पुढची चाकं रस्त्याला घट्ट धरतात, मागची हलकी होतात. अ‍ॅक्सिलरेटर दिला की उलटं. तुमच्या पायाची प्रत्येक हालचाल म्हणजे भाराची हलवाहलव आहे.

आणि एका टायरकडे पकड मोजकीच असते. ब्रेक आणि वळण दोन्ही एकाच घागरीतलं पाणी पितात. ही मर्यादा एका वर्तुळाने दाखवतात, आणि ते वुनिबाल्ड काम (Kamm) या जर्मन अभियंत्याच्या नावाने ओळखलं जातं. त्यातली एक गोष्ट लोकांना नवल वाटायला लावते: पकडीचे ८० टक्के ब्रेकला दिले तर वळायला वीस नाही, साठ टक्के उरतात. कारण हे बळ एकमेकांना काटकोनात लागतं, साध्या बेरजेने नाही. म्हणजे ब्रेक थोडासा सैल सोडला तरी वळायला बरीच पकड मोकळी होते. संकटात वळत नसलेली गाडी ब्रेक किंचित कमी केल्यावर वळायला लागते, ते यामुळे. उलट पूर्ण शंभर टक्के ब्रेकवर असताना स्टिअरिंगला देण्यासाठी काहीच उरलेलं नसतं. एबीएस त्या क्षणी तुमच्यासाठी थोडं मोकळं करून देतं, तेवढंच.

फ्रंट-व्हील-ड्राइव्ह गाडीत तुम्हाला आधी भेटेल तो अंडरस्टिअर: स्टिअरिंग फिरवलंय पण गाडी सरळच जातेय, नाक बाहेर ढकललं जातंय. हाताला त्याची सूचना आधी मिळते. स्टिअरिंग अचानक हलकं, पोकळ लागायला लागतं, टायर कण्हल्यासारखा आवाज करतो. इथे प्रत्येक जण सहज प्रेरणेने करतो ती चूक म्हणजे आणखी फिरवणं. आधीच हरलेल्या टायरवर आणखी काम टाकल्यासारखं होतं ते. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हळूच सैल करायचा, स्टिअरिंग थोडं परत आणायचं, टायरला पुन्हा धरू द्यायचं. नाक आत येतं. हे ओल्या पट्ट्यावर कमी वेगात शंभर वेळा करून घ्यावं असा धडा आहे. पावसाळी दिवशी उताराच्या वळणावर पुढची चाकं सुटतील त्या सेकंदाला तुमच्या हाताने घाबरून आणखी फिरवायचं नाही, एवढ्यासाठी.

दुसरा प्रकार, म्हणजे गाडीचा मागचा भाग सुटणं, जास्त वाईट, आणि त्याने मला स्वतःला शिकवलंय. तिसऱ्या वर्षी, लांब पसरलेल्या एका वेगवान वळणात मला मध्येच वाटलं की जरा जास्तच वेगात आलोय. खरं तर तितका जास्त नव्हता. पण पाय आपोआप अ‍ॅक्सिलरेटरवरून झटकन उचलला गेला. भार पुढे गेला, मागची चाकं हलकी झाली, गाडी आधीच वळत होती, आणि मागचा भाग बाहेर निघाला. गाडी जुनी, तिच्यात घसरती गाडी आपोआप सावरायला मदत करणारं स्टॅबिलिटी कंट्रोल नव्हतं. मी उलटं स्टिअरिंग दिलं, पण उशिरा आणि जास्त. दोन गिरक्या घेऊन गवतात, आलो त्या दिशेला तोंड करून थांबलो. इंजिन बंद पडलं होतं. काचेवर माती आणि गवताची पाती, आणि कानात फक्त माझा श्वास. तिथे गवत होतं म्हणून मी हे लिहितोय. रस्त्यावर त्या जागी झाड असतं, किंवा समोरून येणारा ट्रक.

त्या दिवसापासून मी शिकवतो: वळणात घाबरलात तर पाय झटकू नका. जे करायचं ते पेडल हळूहळू सोडून, जणू पायाखाली अंडं आहे असं. आणि मुळात वेग वळणाच्या आधी, सरळ चाकांवर कमी करून घ्या. मागचा भाग सुटलाच तर जिथे जायचंय तिथे बघा, हात आपोआप योग्य दिशेला जातील, आणि गाडी सरळ होऊ लागताच स्टिअरिंगही लगेच सरळ करा. लोक पहिला झोल सावरतात आणि दुसऱ्या, उलट्या झोलात जातात, ते हात परत आणायला उशीर केल्यामुळे. तुमच्या गाडीत इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल असेल तर ते बंद करू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. हे तंत्र १९९५ पासून गाड्यांमध्ये आहे आणि प्रत्येक चाकाला वेगळा ब्रेक लावण्याचं काम ते करतं. दोनच पाय असलेल्या माणसाला ते शक्य नाही. डॅशबोर्डवर त्याचा दिवा लुकलुकला की त्याला तुमच्या चुकीची पावती समजा. दिवसभरात ते लुकलुकणं कमी करत नेणं हे लॅप टाइमपेक्षा चांगलं उद्दिष्ट आहे.

या सगळ्याचा गाभा म्हणजे सावकाश हात आणि सावकाश पाय. जॅकी स्ट्युअर्ट १९६९, १९७१ आणि १९७३ मध्ये फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला, आणि त्याची ख्याती होती ती गाडीला धक्का न लागू देता चालवण्याची. बाहेरून बघणाऱ्याला वेगवान चालक दंगा करताना दिसेल असं वाटतं, प्रत्यक्षात त्याचे हात जवळपास कंटाळवाणे दिसतात. याचा सराव करायला ट्रॅक लागत नाही. सिग्नलला थांबताना शेवटच्या अर्ध्या मीटरमध्ये ब्रेक इतका हळू सोडत न्या की गाडी थांबल्याचं शेजारच्याला कळू नये, त्याची मान पुढे-मागे हलू नये. महिनाभर हे केलंत तर ट्रॅकवर पहिल्या वळणात तुमच्या पायात फरक दिसेल.

हे जमायला आधी बसणं नीट हवं. सीट इतकी पुढे की ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील. पाठ टेकलेली असताना हात लांब केल्यावर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी. निम्म्याहून जास्त लोकांची सीट मी पहिल्याच दिवशी पुढे सरकवतो. आरामखुर्चीत पसरल्यासारखं बसलेला माणूस पूर्ण ब्रेक दाबूच शकत नाही, पाय पुरत नाही.

रेसिंग लाइन, म्हणजे वळणाच्या बाहेरून आत, आतून पुन्हा बाहेर, हे शिकाल आणि मजाही येईल. पण रस्त्यावर ती उपयोगाची नाही. तिथे तुमची लेन ती तुमची. घ्यायचं ते एवढंच की वळणात हळू शिरायचं, आणि पुढचं दिसायला लागेपर्यंत आतल्या कडेला घाई करायची नाही. हील-अँड-टो (एकाच पायाने ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर दोन्ही सांभाळणं), वळणात शिरताशिरता ब्रेक लांबवणं, या गोष्टी पहिल्या दोन-तीन दिवसांत डोक्यात घेऊच नका.

एक शिस्त मात्र सोबत आणाच. हौशी ट्रॅक डेला बहुतेक ठिकाणी ओव्हरटेक तेव्हाच करता येतो जेव्हा पुढचा हाताने खूण करून बाजू दाखवतो. मागून वेगवान गाडी आली की तुम्ही आपली लाइन न सोडता सरळ राहायचं, खूण करायची, अ‍ॅक्सिलरेटर थोडा सैल करायचा. तो जातो, हात दाखवतो, तुम्ही आपलं काम चालू ठेवता. कुणाचा अपमान झालेला नसतो. दिवसातून चाळीस वेळा असं झालं की रस्त्यावर मागून दिवे मारणाऱ्याला जाऊ देणं सोपं होतं. आडवं येणारा काही तरी हिरावून घेतोय ही भावना मी ट्रॅकवरच गमावली, आणि त्याबद्दल ट्रॅकचा मी कायम ऋणी आहे.

गाडीचंही थोडं. ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट-४ प्रकारचं नवं फ्लुइड किमान २३० अंश सेल्सियसला उकळतं, पण पुरेसं पाणी शोषलेलं असेल तर हा बिंदू १५५ पर्यंत उतरू शकतो. उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल स्पंजासारखं मऊ होऊन खाली जातं. ट्रॅक डेच्या आधी फ्लुइड बदलून घ्या, पॅड किती उरलेत ते बघा, चाकांचे नट टॉर्क रेंचने तपासा, पायाखालची मॅट काढून ठेवा, सीटखालची बाटली काढा. प्रत्येक सेशनची शेवटची फेरी ब्रेक जवळजवळ न वापरता, सावकाश. पॅडकमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या गाड्या लावायच्या जागेत, उभी केल्यावर हँडब्रेक ओढू नका, तापलेले पॅड डिस्कवर दाबून ठेवायचे नसतात. गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा. घाटउतार तासभर ब्रेक दाबत उतरणाऱ्या गाडीतही ब्रेक फ्लुइड असंच उकळू शकतं, म्हणून उतारावर खालच्या गिअरचा आग्रह असतो. ट्रॅकवर एकदा मऊ पेडलचा अनुभव घेतलेला माणूस तो आग्रह विसरत नाही. विम्याची अटही आधी वाचा, बऱ्याच पॉलिसी ट्रॅकवरचं नुकसान भरून देत नाहीत.

आता तुमच्या धिटाईच्या प्रश्नाकडे. भीती खरी आहे. नॉर्वेमध्ये १९८० च्या दशकात घसरत्या पृष्ठभागावरच्या प्रशिक्षणाचा परिणाम तपासला गेला, तेव्हा तरुण पुरुष चालकांचे अपघात कमी होण्याऐवजी वाढलेले आढळले. गाडी सावरता येते हे त्यांना शिकवलं गेलं, आणि ते सावरावं लागेल अशा जागी जाऊ लागले. मला हे अजिबात आश्चर्याचं वाटत नाही. दुपारच्या सेशननंतर पॅडकमध्ये चमकणारे डोळे मी दर वेळी बघतो. तेव्हा मी त्यांना दिवसभरात ट्रॅकवर काय काय नव्हतं ते आठवायला सांगतो. समोरून येणारं कुणी नव्हतं. चौक नव्हते. पोरं, कुत्री, सायकली नव्हत्या. डांबर स्वच्छ होतं, प्रत्येक वळण पाच-पन्नास वेळा पाहिलेलं होतं, बाहेर गवत होतं आणि मदतीला मार्शल होते. इतकं सगळं सोपं करून दिल्यावरही दिवसात दोन-चार जण घसरून बाहेर गेलेच.

म्हणून मर्यादा कुठे आहे हे कळलं की तिच्यापासून किती लांब राहायचं ते ठरवा. आणखी एक आकडा लक्षात ठेवा: वळणात वेग दहा टक्के वाढवला की लागणारी पकड एकवीस टक्क्यांनी वाढते. ६० ने आरामात घेतलेलं वळण ६६ ने आरामाचं राहीलच असं नाही. मी रस्त्यावर ओल्या वळणात टायरचा आवाज आला तर तो माझा अपयशाचा दिवस मानतो, गाडी सावरली असली तरी. सावरण्याची कला शिलकीत ठेवायची असते, रोजच्या खर्चात धरायची नसते.

पहिल्या दिवसासाठी सांगायचं तर शिकवणारा शेजारी घ्या, तेवढे पैसे टायरवर घालवण्यापेक्षा तिथे घाला. पहिलं सेशन वेगाच्या साठ-सत्तर टक्क्यांवर, फक्त नजरेचा सराव. एका सेशनला एकच गोष्ट. पाणी पीत राहा. आणि शेवटचं सेशन थकवा जाणवत असेल तर सोडून द्या. माझ्या पाहण्यात घसरण्याच्या घटना सकाळपेक्षा दिवस कलताना जास्त होतात, जेव्हा हात सरावलेले आणि डोकं दमलेलं असतं.

परत निघताना दोन गोष्टी. ट्रॅकवर टायर तापले की सकाळी ३२ पीएसआय असलेली हवा सहज ३७-३८ होते, आणि लोक ती मधल्या वेळेत काढून कमी करतात. तुम्ही काढली असेल तर निघण्याआधी टायर गार होऊ द्या आणि पुन्हा भरा, नाहीतर गार झाल्यावर ती फारच कमी पडते. आणि लगेच निघू नका. अर्धा-पाऊण तास बसा, काही खा, चाकांचे नट पुन्हा एकदा तपासा. दिवसभर वेगात राहिलेल्या डोळ्यांना ८० म्हणजे उभं राहिल्यासारखं वाटतं. पहिले तीसेक किलोमीटर वेग अंदाजाने ठरवू नका, स्पीडोमीटर बघून ठरवा, नाहीतर किल्ली मित्राकडे द्या, जर तो दिवसभर बाहेर बसून बघत होता तर.